तीन मिलिमीटरच्या भुंगेऱ्याचे वर्णन कशासाठी?

भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचा 'ॲनिमल डिस्कव्हरीज' हा वार्षिक अहवाल प्रसिद्ध झाला की देशभरातील वृत्तपत्रे त्यातील एक आकडा उचलतात. २०२४ या वर्षासाठी तो आकडा ६८३ होता. त्यांपैकी ४५९ प्रजाती विज्ञानाला सर्वस्वी नव्या आणि २२४ प्रजाती भारतात प्रथमच नोंदल्या गेलेल्या. बातमीसोबत बहुधा एखाद्या सरड्याचे किंवा बेडकाचे छायाचित्र असते. नव्या प्रजातींत कीटकांचा वाटा कितीही मोठा असला, तरी छायाचित्राचा मान त्यांना क्वचितच मिळतो. आणि बातमी वाचून होताच कोणीतरी ठरलेला प्रश्न विचारतो: याचा उपयोग काय?

मित्रहो, हा प्रश्न विचारणाऱ्यांत मी स्वतः अनेक वर्षे होते. मी भौतिकशास्त्रात पीएच.डी. केली. आमच्या क्षेत्रात अर्नेस्ट रदरफोर्ड यांच्या नावावर खपणारे एक वचन सर्वांना तोंडपाठ असते. त्याचा आशय असा, की भौतिकशास्त्र वगळता उरलेले विज्ञान म्हणजे टपालाची तिकिटे गोळा करण्याचा छंद. वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीत राहणारी मैत्रीण भुंगेऱ्यांवर संशोधन करत असे आणि मी तिला हे वचन मोठ्या आनंदाने ऐकवत असे. रदरफोर्ड यांना १९०८ साली नोबेल मिळाले ते रसायनशास्त्राचे, हे ती न चुकता सुनवायची. तेवढ्यावर वाद संपत असे आणि आम्ही मेसकडे वळत असू.

एकदा तिने माझ्यासमोर एक शोधनिबंध ठेवला. ऑस्ट्रेलियातील मुंगीसदृश फुलभुंगेऱ्याच्या एका प्रजातीचे ते वर्णन होते. "अगं, तू इतकी मोजमापांची गोष्ट करतेस ना, मग हे एकदा मोजमाप म्हणून वाचून बघ," एवढेच ती म्हणाली. मी ते वाचले. खरे सांगायचे तर पहिल्या वाचनात कंटाळा आला. परंतु त्या कंटाळ्यातून जे हाती लागले, त्याविषयी आज लिहायचे आहे.

मुंगीसदृश फुलभुंगेऱ्यांच्या कुलाला अँथिसिडी म्हणतात. जगभरात त्यांच्या सुमारे साडेतीन हजार प्रजातींचे वर्णन झाले आहे. बहुतेकांची लांबी दोन ते पाच मिलिमीटर. डोळ्यांच्या मागे डोके एकदम आक्रसून बारीक मानेसारखे होते, छातीचा भागही पाठीमागे निमुळता असतो, त्यामुळे धावताना पाहिले तर मुंगीच वाटावी. पायांच्या शेवटच्या भागातील सांधे मोजले तर पुढच्या दोन जोड्यांत पाच-पाच आणि मागच्या जोडीत चार. काही प्रजातींच्या छातीवरून डोक्याच्या पुढे झेपावणारे शिंग असते. आणखी एक विलक्षण गोष्ट म्हणजे यांपैकी अनेकांना कँथरिडिन या विषाची ओढ असते. अंगावर फोड आणणारे काही दुसरे भुंगेरे हे विष तयार करतात. सर्वसाधारण प्राणी त्यापासून दूर पळतात, हे मात्र त्याच्या शोधात येतात. युरोपातील नोटोक्सस मोनोसेरॉस या प्रजातीत नर ते विष खाऊन शरीरात साठवतो आणि मीलनाच्या वेळी मादीकडे सोपवतो, हे प्रयोगांनी दाखवले गेले आहे. संग्राहक कँथरिडिनचे थेंब लावून या भुंगेऱ्यांसाठी सापळे मांडतात, तेही याच ओढीच्या भरवशावर.

हे सारे मनोरंजक खरे. परंतु प्रजातीच्या मूळ वर्णनात यातले जवळजवळ काहीही नसते. तेथे असते ते असे: डोक्याची लांबी आणि रुंदी यांचे गुणोत्तर, शृंगिकेच्या अकरा खंडांपैकी कोणता किती लांब, कवचावरील खळग्यांमधील अंतर खळग्याच्या व्यासापेक्षा कमी की जास्त, केस आडवे पडलेले की उभे, नराच्या पुढच्या पायांची ठेवण कशी आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नराच्या जननेंद्रियाचा आकार, कारण बाहेरून अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन प्रजाती पुष्कळदा तेथेच वेगळ्या पडतात. किती नमुने तपासले, ते कोठे व कधी मिळाले, सर्वांत लहान केवढा आणि सर्वांत मोठा केवढा हेही दिलेले असते. प्रयोगशाळेत मी जिला मोजमापातील अनिश्चितता म्हणते, तीच ही. दिलेल्या मर्यादेत बसणारा प्राणी या प्रजातीचा, बाहेरचा असेल तर फेरविचार करा, असे खंडन होऊ शकेल असे विधान तेथे मांडलेले असते. तिकिटांच्या वहीला कोणी खोटे ठरवू शकत नाही. प्रजातीच्या वर्णनाला ठरवू शकते, आणि ठरवलेही जाते: एकाच प्राण्याला दोन वेळा दोन नावे दिल्याचे उघड झाले की नंतरचे नाव सहसा बाद होते.

याहूनही मला थक्क केले ते होलोटाइपने. नव्या प्रजातीचे वर्णन करताना एक नमुना निवडून सांगावे लागते की हे नाव या एका शरीराशी बांधलेले आहे. १९९९ नंतर प्रसिद्ध झालेल्या प्रत्येक नव्या प्रजातीसाठी प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेने हे बंधनकारक केले आहे. पुढे वाद झाला तर वर्णनाचे शब्द अपुरे पडू शकतात. तेव्हा तो नमुना पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. आम्हा भौतिकशास्त्रज्ञांकडे अशीच एक वस्तू होती. १८८९ पासून पॅरिसजवळच्या सेव्र येथील प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल म्हणजेच किलोग्रॅम, अशी व्याख्या होती. त्याची ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. २० मे २०१९ पासून किलोग्रॅम प्लँकच्या स्थिरांकावर उभा राहिला आणि आम्ही त्या दंडगोलाच्या तावडीतून सुटलो. वर्गीकरणशास्त्रज्ञाला अशी सुटका नाही. निसर्गात भुंगेऱ्याचा कोणताही स्थिरांक नाही. पुठ्ठ्याच्या टोकावर डिंकाने चिकटवलेले तीन मिलिमीटरचे ते शरीर, त्याखालच्या टाचणीला अडकवलेली बारीक अक्षरांची चिठ्ठी आणि ते सांभाळणारे संग्रहालय, एवढेच त्याचे सेव्र. असे लाखो 'दंडगोल' जगभरच्या कपाटांत आहेत आणि त्यांना बुरशी, कीड, आग आणि अंदाजपत्रकातील कपात या सगळ्यांचे भय आहे.

ऑस्ट्रेलियाचा विषय निघालाच आहे तर तेथील इतिहासही पाहण्याजोगा आहे. १८५१ ते १८५३ या काळात स्वीडनच्या 'युजेनी' या युद्धनौकेने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्या प्रवासातील कीटकांचा अभ्यास स्टॉकहोमच्या संग्रहालयातील कार्ल हेन्रिक बोहेमान यांनी केला आणि १८५८ साली लेमोडेस कॉक्सिनिया या लालभडक ऑस्ट्रेलियन फुलभुंगेऱ्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. पुढे १८६९ साली रॉबर्ट लेथब्रिज किंग या धर्मोपदेशकाने ऑस्ट्रेलियातील या कुलावर स्वतंत्र निबंध लिहिला. त्यानंतर आर्थर मिल्स ली यांनी टास्मानियात आणि मग ॲडलेडच्या संग्रहालयात बसून भुंगेऱ्यांच्या पाच हजारांहून अधिक प्रजातींची वर्णने केली, त्यांत हे कुलही आले. म्हणजे आज क्वीन्सलँडमधला एखादा भुंगेरा नवा आहे असे म्हणायचे तर अभ्यासकाला स्वीडनपासून ॲडलेडपर्यंतची कपाटे उघडावी लागतात. आपली अवस्था याहून बिकट आहे. भारतातून वर्णिलेल्या कितीतरी जुन्या प्रजातींचे मूळ नमुने युरोपातील संग्रहालयांत आहेत. माझी मैत्रीण ज्या अँथेलेफिला या गटावर काम करत होती, तो भारतातही आढळतो आणि ऑस्ट्रेलियातही. फ्रेडरिक विल्यम होप यांनी त्याला १८३३ साली नाव दिले. आपल्याकडचा नमुना नवा की जुनाच, हे ठरवायला तिला परदेशी संग्रहालयांकडून छायाचित्रे मागवावी लागत आणि उत्तराची वाट पाहावी लागे.

आता तो उपयोगाचा प्रश्न. वास्तविक तो प्रत्येक वेळी विचारणे मला आता अन्यायाचे वाटते; आकाशगंगांच्या मापनाला कोणी तो विचारत नाही. तरी त्याचे उत्तर ऑस्ट्रेलियाकडेच आहे आणि ते भारतीय पाण्यावर लिहिले गेले आहे. प्रसंग दुसऱ्या कुलातल्या भुंगेऱ्याचा, सोंड्या भुंगेऱ्याचा आहे, पण मुद्दा तोच.

साल्विनिया ही पाण्यावर तरंगणारी, नेच्याच्या वर्गातील वनस्पती. अनुकूल स्थितीत ती काही दिवसांत दुप्पट होते आणि जलाशयावर असा जाड थर धरते की होडी चालत नाही, खालच्या पाण्याला हवा मिळत नाही. केरळमध्ये तिला 'आफ्रिकन पायल' म्हणतात. तेथील कालवे आणि भातशेते तिने व्यापली होती. आफ्रिकेतील करिबा धरणाच्या जलाशयातही तिने असाच कहर केला होता. दीर्घकाळ सर्वांची समजूत होती की ही साल्विनिया ऑरिक्युलाटा आहे. म्हणून ऑरिक्युलाटा जेथे नैसर्गिकरीत्या वाढते त्या दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातून आणि त्रिनिदादहून तिला खाणारे कीटक आणले गेले. त्यांत सिर्टोबॅगस सिंग्युलॅरिस हा जेमतेम दोन मिलिमीटरचा सोंड्या भुंगेरा होता. तो सोडला गेला. तणाचे फारसे काही बिघडले नाही.

चूक नावात होती. १९७२ साली डी. एस. मिचेल यांनी दाखवून दिले की ही वनस्पती वेगळी प्रजाती आहे आणि तिला साल्विनिया मोलेस्टा असे नाव दिले. येथे क्षणभर थांबावे. तण जगभर पसरलेले, त्यावर पैसा खर्च होत असलेला, आणि ते मूळचे कोठले हे कोणालाच ठाऊक नाही, कारण आतापर्यंत सगळे दुसऱ्याच वनस्पतीचे माहेर शोधत होते. वेगळे नाव मिळाल्यावर खरा शोध सुरू झाला. १९७८ साली ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेच्या संशोधकांना मोलेस्टाचा मूळ प्रदेश दक्षिणपूर्व ब्राझीलमध्ये सापडला. तेथे तिच्यावर जो सोंड्या भुंगेरा होता, तो सिंग्युलॅरिसच असावा असे मानून ऑस्ट्रेलियात आणला गेला आणि १९८० साली क्वीन्सलँडमधील माउंट आयसा या खाणनगरीजवळच्या मूंडारा तलावात सोडला गेला. सुमारे वर्षभरात त्याने हजारो टन तण नष्ट केले.

एकच प्रजाती एका ठिकाणी निष्प्रभ आणि दुसऱ्या ठिकाणी इतकी प्रभावी कशी? ए. ए. कॅल्डर आणि डी. पी. ए. सँड्स यांनी दोन्हीकडचे नमुने बारकाईने तपासले आणि १९८५ साली ब्राझीलच्या भुंगेऱ्याचे नवी प्रजाती म्हणून वर्णन केले: सिर्टोबॅगस साल्विनी. दुसऱ्या वर्षी 'नेचर'मध्ये या साऱ्या प्रकरणावर जो लेख आला, त्याच्या शीर्षकातच वर्गीकरणशास्त्र आणि साल्विनियाचे नियंत्रण हे दोन शब्दप्रयोग शेजारी शेजारी होते.

कोणी म्हणेल, भुंगेऱ्याने तर नावाची वाट न पाहताच काम केले. आक्षेप रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. मूंडारा तलावापुरते ते खरे आहे. परंतु शास्त्रज्ञ त्या भुंगेऱ्यापर्यंत पोहोचले ते वनस्पतीचे नाव दुरुस्त झाल्यामुळे. आणि एका तलावातील यश दुसऱ्या देशात न्यायचे असेल, तर दोन मिलिमीटरच्या दोन जुळ्या भुंगेऱ्यांपैकी कोणता डबीत भरायचा हे सांगता आले पाहिजे. चुकीची डबी पाठवली तर तण तसेच राहते, वर्षे जातात आणि जैविक नियंत्रण ही पद्धतच कुचकामी असल्याचा निष्कर्ष निघतो. भारतात १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात ऑस्ट्रेलियाहून योग्य डबी आली. बंगळुरूच्या एका कमळतळ्यात आणि केरळच्या पाणथळ भागांत हा भुंगेरा सोडला गेला आणि साल्विनिया हटली. अलीकडे मध्य प्रदेशातील सारणीच्या सातपुडा जलाशयातही जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने याच भुंगेऱ्याचा यशस्वी वापर केला.

फुलभुंगेऱ्यांकडून असा चमत्कार घडेल, असा माझा दावा नाही. त्यांतील काही शेतात इतर किड्यांची अंडी खाताना आढळले आहेत. ओमोनाडस फ्लोरॅलिस ही प्रजाती, जिचे वर्णन लिनियसने १७५८ सालीच केले, धान्याच्या व्यापाराबरोबर जगभर पोहोचली. नावात फूल असले तरी ती भेटते बुरशी धरलेल्या धान्यात आणि पेंढ्यात. बंदरावर धान्याच्या पोत्यात एक बारीक तपकिरी किडा सापडला, तर तो हा जुना जगप्रवासी आहे की कोणी नवाच आगंतुक, हे ठरवण्यासाठी कोणाला तरी त्याची मान आणि कवचावरचे केस पाहावेच लागतात.

ऑस्ट्रेलियाने ही गोष्ट धोरणात आणली आहे. आपल्या देशातील सुमारे ७० टक्के प्रजाती अद्याप अवर्णित आहेत हा अंदाज त्यांनी लपवला नाही. तेथील विज्ञान अकादमीने न्यूझीलंडच्या सहकार्याने २०१८ ते २०२७ या दशकासाठी वर्गीकरणशास्त्राचा आराखडा तयार केला, आणि उरलेल्या प्रजाती एका पिढीत वर्णन करण्याचे उद्दिष्ट समोर ठेवले. कॅनबेराच्या राष्ट्रीय कीटकसंग्रहात १ कोटी २० लाखांहून अधिक नमुने आहेत. उद्दिष्ट गाठले जाईलच असे नाही. परंतु अमुक वर्षांत अमुक काम आणि त्यासाठी इतकी माणसे, असा हिशेब त्यांनी मांडला तरी आहे.

आपल्याकडे पाया आहे. प्राणी सर्वेक्षण संस्था १९१६ पासून उभी आहे. ३० जून २०२४ रोजी तिने देशातील १,०४,५६१ प्रजातींची सूची खुली केली. हे काम मोठेच आहे. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार नव्या प्रजातीचा नमुना अधिकृत भांडारात जमा करणे आवश्यक आहे. मग अडते कोठे? माझ्या मते अडते ते निवड समितीच्या टेबलावर.

वर्गीकरणाचा निबंध हळूहळू आणि दीर्घकाळ वापरला जातो. १८६९चा निबंध आजही उघडावा लागतो. पत्रिकांचा इम्पॅक्ट फॅक्टर मात्र आधीच्या दोन वर्षांतील लेखांच्या उल्लेखांवर ठरतो. शिवाय प्रजातीचे नाव कोणी वापरले, तर तिचे वर्णन करणाऱ्या मूळ निबंधाचा उल्लेख करण्याची पद्धतच नाही. म्हणजे केरळचे कालवे मोकळे करणाऱ्या भुंगेऱ्याचे नाव शेकडो वेळा लिहिले गेले, तरी कॅल्डर आणि सँड्स यांच्या खात्यात ते बहुतेक वेळा जमा होत नाही. २०२० साली तर कहर झाला. नव्या प्राणिप्रजातींची सर्वाधिक वर्णने प्रसिद्ध करणाऱ्या 'झूटॅक्सा' या पत्रिकेला स्वतःच्याच लेखांचे उल्लेख फार होतात या कारणाने क्लॅरिव्हेटने मानांकनाच्या यादीतून वगळले. एका विषयाचे बहुतांश काम एकाच पत्रिकेत होत असेल, तर लेखक उल्लेख दुसऱ्या कोणाचा करणार? जगभरातून निषेध झाला आणि निर्णय मागे घेतला गेला. पण ज्या मापाने हा घोळ झाला, तेच माप आपल्या मुलाखतींत आजही चालते.

माझी मैत्रीण अशाच एका मुलाखतीला गेली होती. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही. तिच्या नावावर तेव्हा चार प्रजाती होत्या. समितीने प्रजातींबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. पत्रिकांच्या इम्पॅक्ट फॅक्टरची बेरीज विचारली. समितीत एक भौतिकशास्त्रज्ञ होते, हे तिने मला मुद्दाम सांगितले. मी काही बोलले नाही. ती आता एका शहरात वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीवर्गात जीवशास्त्र शिकवते आणि चांगले शिकवते.

माझी मागणी मोठी नाही. निवड आणि बढतीच्या अर्जात वर्णिलेल्या प्रजाती, केलेली गटाची फेरतपासणी आणि तयार केलेली ओळखकोष्टके यांसाठी स्वतंत्र रकाना असावा, आणि तो वाचू शकणारी एक व्यक्ती समितीत असावी. संशोधनप्रकल्प संपल्यावर नमुने सांभाळण्याचा खर्च मूळ अनुदानातच धरला जावा. विद्यापीठांनी वर्गीकरणशास्त्राची रिक्त होणारी पदे दुसऱ्या विषयांकडे वळवणे थांबवावे.

आता डीएनए आणि संगणक आले, डोळ्यांनी केस मोजण्याचे दिवस गेले, असे काही विद्यार्थी मला सांगतात. डीएनएचा तुकडा वाचून दोन नमुने वेगळे आहेत हे झटपट कळते, आणि ते साधन वापरलेच पाहिजे. परंतु त्या तुकड्याला जुने नाव लागू होते की नवे द्यायचे, हे ठरवताना पुन्हा होलोटाइपकडेच जावे लागते, आणि दीडशे वर्षांपूर्वी टाचलेल्या भुंगेऱ्यातून डीएनए मिळेलच असे नाही. छायाचित्रे ओळखणारा संगणकही ज्यांची नावे माणसांनी आधी ठरवली, त्यांवरच शिकतो.

गेल्या वर्षी मी मैत्रिणीला विचारले, तुझ्या त्या अँथेलेफिलांचे पुढे काय झाले? त्यांतील दोन नव्या असाव्यात असे तिला वाटत होते. एकीच्या नराच्या पुढच्या पायाची ठेवण तिने पाहिलेल्या कोणत्याही वर्णनाशी जुळत नव्हती. आकृत्या निम्म्या काढून झाल्या आहेत. पेटी तिच्या जुन्या विभागातील कपाटात आहे, चिठ्ठ्या तिच्या हस्ताक्षरातल्या. विभागात भुंगेऱ्यांवर काम करणारे आता कोणी नाही. पेटीत नॅप्थलीनच्या गोळ्या कोण बदलते, हे तिला ठाऊक नव्हते. तिच्या वतीने मी विभागाला पत्र लिहिले आहे, की ही पेटी अधिकृत भांडाराकडे सोपवावी. उत्तराची वाट पाहत आहे.